टाइपरायटर नको, दोन वह्या घ्या

वाचकाचं पत्र (थोडं कापून)

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात राहते. वय ४३, बँकेत नोकरी. लग्नाआधी वहीत कथा लिहायचे, त्यातल्या तीन दिवाळी अंकांत छापूनही आल्या. मुलगा मोठा झाल्यावर कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा यजमानांनी हौसेने लॅपटॉप आणून दिला. त्याला सहा वर्षं झाली. तयार आहे ते पहिलं प्रकरण. फक्त पहिलं. ‘कादंबरी फायनल’, ‘कादंबरी फायनल नवी’, ‘कादंबरी शेवटची खरी’ अशा फायलींचा ढीग झालाय आणि सगळ्यांत तीच अठरा पानं इकडची तिकडे केलेली आहेत.

गेल्या महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारात एक मराठी टाइपरायटर पाहिला. विकणारा सात हजार म्हणतो. मी दोन ओळी मारून पाहिल्या, चालू आहे. त्याचा आवाज ऐकल्यापासून वाटतंय की यावर माझी कादंबरी पुरी होईल. त्यात व्हॉट्सॲप नाही, मागे जाऊन खोडाखोड करता येत नाही. यजमान म्हणतात, खूळ आहे. मैत्रीण म्हणते, मोबाइलवर बोल, तो आपोआप लिहितो. हाताने लिहिलं की मेंदू जास्त चालतो असं संशोधन झाल्याचंही वाचलं.

आणखी एक. वडील इथल्या एका साप्ताहिकात लिहीत. १९९९ मध्ये त्यांनी निवडक लेख टाइप करून घेतले होते, त्याची सीडी माझ्याकडे आहे. परवा उघडली तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. मूळ कागद घर बदलताना गेले. तेव्हापासून संगणकावरचा विश्वासच उडालाय. त्यापेक्षा कागद बरा नव्हे का? सोबत पहिल्या वाक्याची चार रूपं आणि जुन्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवतेय.

– स. द.


प्रिय स.,

टाइपरायटर घेऊ नका. यजमान म्हणतात म्हणून नव्हे. त्यांना ते खूळ वाटतं, मला तसं वाटत नाही. लिहिणारा माणूस लिहिता यावं म्हणून काय वाट्टेल ते करून पाहतो, त्यात सात हजार म्हणजे काही फार नाहीत. पण हे मशीन तुमच्या कामाचं नाही.

टाइपरायटरसमोर बसून खाडखाड कादंबरी लिहिणारा लेखक हे चित्र आपल्या डोक्यात इंग्रजी सिनेमांनी बसवलंय. तिकडे ते खरंही होतं. मार्क ट्वेनचं मिसिसिपी नदीवरचं पुस्तक १८८३ साली निघालं, त्याची प्रत प्रकाशकाकडे टाइप होऊन गेली होती. कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन कादंबरीकाराने १९६३ मध्ये घेतलेल्या ऑलिव्हेट्टी टाइपरायटरवर जवळजवळ सगळं आयुष्य काढलं. २००९ मध्ये त्या मशीनला लिलावात अडीच लाख डॉलरच्या वर किंमत आली. त्याने मात्र त्याच मॉडेलचं दुसरं जुनं मशीन किरकोळ पैशांत मिळवलं आणि पुढे चालू. त्या लोकांना किल्ल्यांवर सव्वीस अक्षरं बसवायची होती. ती बसली आणि मशीन घरोघर गेलं.

आपल्याकडे ते गेलं कचेरीत. तहसील, कोर्टाबाहेरचे प्रतिज्ञापत्रवाले, बँका, शाळांची कार्यालयं. मराठी कथा-कादंबऱ्या हाताने लिहिल्या जात आणि छापखान्यातले जुळारी त्या हस्तलिखितावरून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत. भयंकर अक्षराचे लेखक वाचू शकणारा एखादा जुळारी प्रत्येक छापखान्यात असे आणि मालक त्याला जपत. म्हणूनच ‘कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे’ अशी सूचना मासिकं वर्षानुवर्षं छापत आली. ती तुम्हीही पाळली असेल.

देवनागरी टाइपरायटर म्हणजे मुळातच तडजोड. किल्ल्या मोजक्या आणि एकेकीवर दोनच चिन्हं. त्यात स्वर, व्यंजनं, मात्रा, जोडाक्षरं, अंक सगळं कोंबायचं. त्यावर काढलेला उपाय असा: ख, भ, थ यांसारखी अक्षरं पूर्ण ठेवलीच नाहीत, अर्धी ठेवली. अर्धा भ मारायचा, मग काना मारायचा, की भ पुरा होतो. ‘भा’ हवा असेल तर आणखी एक काना. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी मारायची आणि अक्षर मागून. म्हणजे ‘किती’ लिहिताना ‘क’ मनात यायच्या आधी बोटाला वेलांटी सुचली पाहिजे. कचेरीतल्या टायपिस्टला हे अंगवळणी पडलेलं असतं, कारण त्याच्या पुढ्यात मसुदा तयार असतो. तुमच्यापुढे काहीच तयार नसणार. वाक्य सुचवायचं, काने मोजायचे आणि एक अक्षर चुकलं तर फुल्या मारायच्या, हे सगळं एका डोक्याने करायचं.

शिवाय ते सांभाळायचं कोणी? गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि २००९ च्या सुमाराला बंद केलं. रिबीन अजून मिळते, पण मात्रा अक्षरावरून सरकायला लागली की ती जागेवर आणणारा माणूस शोधत फिरावं लागेल. आणि समजा सगळं जमलं, तीनशे पानं टाइप झाली. पुढे? आज दिवाळी अंकाचे संपादक ‘युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवा, पीडीएफ नको’ असं बजावतात. युनिकोड म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरं साठवायची पद्धत. कादंबरीचा प्रकाशकही तेच म्हणेल. तुमची तीनशे पानं कोणीतरी संगणकावर पुन्हा टाइप करणार. तो खर्च तुमचा, चुका त्याच्या आणि नाव पुन्हा तुमचं.

आता तुमचं खरं दुखणं. पत्राबरोबरचे दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि उत्तर तुम्हीच पाठवलंय असं वाटलं.

पहिल्या वाक्याची चार रूपं आहेत. पहिलं: ‘पाऊस थांबला तेव्हा मावशी ओसरीवर बसली होती.’ चौथं: ‘नुकताच थांबलेल्या पावसाच्या ओल्या गंधात हरवलेली मावशी ओसरीवर शांतपणे बसली होती.’ राग मानू नका, पण पहिलं चांगलं होतं. त्यात मावशी दिसत होती. चौथ्यात मावशीच्या अंगावर इतकी विशेषणं घातलीत की ती उठून आत कशी जाणार हाच प्रश्न. सहा वर्षं खपून वाक्य बिघडलं आणि बिघडतंय हे कळलं नाही, कारण पडद्यावर चारही सारखीच देखणी दिसतात. सरळ ओळी, दोन्ही बाजूंनी कापलेला समास, छापील टाइप. कच्चा मजकूर पुस्तकासारखा दिसायला लागला की माणूस लेखक राहत नाही, मुद्रितशोधक होतो. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळे ही नजर मला ओळखता येते. ती स्वल्पविराम बघते. पुढच्या प्रकरणात काय होणार याच्याशी तिचं देणंघेणं नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. फाइल उघडली की ती पहिल्या पानावर उघडते. बँकेतून थकून आलात, रात्री साडेनऊला बसलात, समोर पान एक. जरा वाचून पाहू म्हणता. एक शब्द खटकतो. तो बदलता. त्याने पुढचा खटकतो. साडेदहा वाजतात, डोळे मिटायला लागतात, फाइल बंद. सहा वर्षांत तुम्ही शंभर वेळा पहिल्या पानावरून निघालात आणि अठराव्याच्या पुढे क्वचितच पोचलात.

आता वहीचा फोटो. त्यात मध्येच दोन ओळी खोडल्यात, एक बाण खालच्या परिच्छेदाकडे गेलाय आणि समासात तिरकं लिहिलंय: ‘इथे सासूबाईंचं काहीतरी’. बस, एवढंच. सासूबाईंचं काय ते तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही भोक तसंच ठेवलंत आणि खाली कथा पुढे चालू केलीत. पंचवीस वर्षांची मुलगी जे सहज करत होती ते त्रेचाळीसाव्या वर्षी लॅपटॉपवर होत नाही. पडद्यावर तुम्ही कधी भोक ठेवलंच नाहीत. तिथे भोक कुरूप दिसतं.

म्हणून कादंबरीचा पहिला खर्डा वहीत करा. वहीत काही जादू आहे म्हणून नाही. वहीत मागचं दुरुस्त करणं कटकटीचं आणि पुढचं लिहिणं सोपं असतं. लॅपटॉपवर नेमकं उलट आहे. टाइपरायटरकडूनही तुम्हाला हेच हवं होतं, ते त्याहून कितीतरी कमी पैशांत मिळेल.

संशोधनाचं म्हणाल, तर त्याचा आधार घेऊ नका. २०१४ मध्ये अमेरिकेत म्यूलर आणि ओपनहायमर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तो विद्यार्थ्यांच्या टिपणांबद्दल होता: व्याख्यान ऐकताना हाताने टिपणं घेणाऱ्यांना आशय जास्त कळतो असं त्यात दिसलं. २०२१ मध्ये तोच प्रयोग दुसऱ्या गटाने पुन्हा केला, तेव्हा लॅपटॉपवाले शब्दशः उतरवून घेतात हे दिसलं, पण परीक्षेतला फरक काही दिसला नाही. आणि कादंबरी म्हणजे कोणाच्या व्याख्यानाची टिपणं नव्हेत. तुमच्यासाठी तुमच्याच वहीचं पान हा पुरेसा पुरावा आहे.

वही कशी वापरायची तेही सांगते, कारण इथेही हौस आडवी येते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन चामडी बांधणीची, जाड पिवळसर पानांची वही आणू नका. तिच्यात खराब वाक्य लिहायला हात धजणार नाही. दोनशे पानी लांब वह्या घ्या, शाळेतल्या, दोन. उजव्या पानावर लिहा आणि डावं कोरं सोडा. नंतर सुचलेलं, सासूबाईंचं काहीतरी, मावशीच्या वयाचा हिशेब, असलं सगळं डाव्या पानावर. पानांना नंबर घाला. रोज जिथे थांबाल तिथे पुढच्या प्रसंगाचे चार शब्द लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्या चार शब्दांपासून निघा. मागची पानं वाचायची नाहीत. फार झालं तर आदल्या दिवसाचा शेवटचा परिच्छेद.

पेनाबद्दल माझा आग्रह एवढाच: बॉलपेन कागदावर दाबावं लागतं, शाईपेन नुसतं टेकवलं तरी उमटतं. दिवसभर बँकेत बोटं शिणलेली असतात, तेव्हा हा फरक कळेल. शाई काळी आणि पक्की घ्या. धुऊन जाणारी निळी शाई शाळेच्या गणवेशासाठी सोयीची, कादंबरीला नाही. दर रविवारी त्या आठवड्याच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा आणि स्वतःला ईमेल करा. दहा मिनिटांचं काम आहे.

मोबाइलवर बोलून लिहिण्याचं मैत्रीण सुचवते ते संवादांपुरतं करून पाहा. प्रमाण मराठी तो बऱ्यापैकी उतरवतो. पण तुमची मावशी सातारी बोलते. ‘गेलतो’ म्हटलं की तो बरेचदा ‘गेलो होतो’ करून ठेवतो, मग मावशी पुण्याची होते. विरामचिन्हंही तुम्हालाच घालावी लागतील. फिरायला गेल्यावर सुचलेलं विसरू नये म्हणून ठीक आहे.

लॅपटॉप विकू नका, त्याची पाळी नंतर येते. खर्डा पुरता झाला, अगदी भोकांसकट, की तो स्वतः टाइप करायला बसा. डीटीपीवाल्याकडे देऊ नका, कितीही स्वस्त पडला तरी. तो तुमची कादंबरी उतरवेल. तुम्ही उतरवायला बसलात की दुसरा खर्डा होतो. वहीतलं लांबलचक वर्णन पुन्हा बोटांनी मारायचा कंटाळा येतो आणि तो कंटाळा बहुतेक वेळा बरोबर असतो. ‘ओल्या गंधात हरवलेली’ हे टाइप करायच्या आधीच गळून पडेल.

वेळेचा हिशेब मांडून पाहू. सरकारी टंकलेखन परीक्षेत मराठीचा वेग मिनिटाला तीस शब्द लागतो. तुमचा निम्मा धरू. साठ हजार शब्दांची कादंबरी, मिनिटाला पंधरा शब्द, म्हणजे सदुसष्ट तासांच्या आसपास. रोज अर्धा तास बसलात तर साडेचार महिने. सहा वर्षांपुढे हे काहीच नाही.

टाइप करायची पद्धत मात्र आत्ताच पक्की करा, खर्डा चालू असतानाच सराव होईल. इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवण्याची पद्धत पहिल्या दिवशी सोपी वाटते, पण ती घात करते. तुम्ही ‘दऱ्या’ म्हणता, ती ‘दर्या’ देते. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा एकदम समुद्र होतो आणि शुद्धलेखन तपासणीला ते दिसतही नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. सुचवलेल्या शब्दांतून घाईत ‘आणी’ नाहीतर ‘कि’ निवडला जातो आणि पुढे सगळीकडे तोच. त्यापेक्षा इनस्क्रिप्ट शिका. सरकारने १९८६ मध्ये ठरवलेली ही कळफलकाची मांडणी विंडोजमध्ये फुकट असते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे ‘का’, ‘ही’, ‘ते’ लिहिताना हात आलटून पालटून चालतात. ‘ल’ च्याच किल्लीवर शिफ्ट दाबून ‘ळ’, ‘र’ च्या किल्लीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’, आणि मग हलन्त व ‘या’ मारला की दऱ्या दऱ्याच राहतात. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर. पहिले पंधरा दिवस चिडचिड होईल, मग बोटं बघायचं सोडून द्याल.

दुसऱ्या खर्ड्यात संगणक जे करतो ते वहीला सात जन्मांत जमणार नाही. एकशे चाळीसाव्या पानावर मावशीची मुलगी दहावीला आहे आणि साठाव्या पानावर ती बारावी झाली होती, हे ‘शोधा’ दाबलं की अर्ध्या मिनिटात कळतं. प्रसंग उचलून पुढच्या प्रकरणात टाकता येतो. फक्त सरसकट बदल करताना सावध. एका लेखकाने पात्राची आजी बदलून मावशी करायची म्हणून सगळीकडे एकदम बदल मारला. मुद्रितात ‘मंडळाचे मावशीवन सभासद’ आले. आणखी एक खाच आपल्या लिपीतली आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक ‘अ’ वर चंद्र देऊन काम भागवत आणि अजूनही काही कळफलक तसंच करतात. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ॲडव्होकेट’ शोधलात आणि निम्मेच सापडले तर चक्रावू नका, दुसऱ्या तऱ्हेने पुन्हा शोधा.

एखाद्या दिवशी लॅपटॉपवरच पुढचं लिहावंसं वाटलं तर लिहा, त्याला माझी बंदी नाही. पण मग रोज नवी कोरी फाइल उघडा, नावात फक्त तारीख. जिथे अडाल तिथे तीन फुल्या मारून पुढे जा, ‘इथे सासूबाईंचं काहीतरी’ लिहायचात तसं. नंतर फुल्या शोधल्या की सगळी भोकं सापडतात. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात पुन्हा आला तर पत्र पाठवू नका.

राहिला वडिलांच्या लेखांचा प्रश्न. कागद टिकतो हे अर्धंच खरं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हातकागदावर बोरूने लिहिलेली दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची लाखो मोडी पत्रं आजही धड आहेत, काजळाची काळी शाई अजून काळी आहे. पण १९६१ मध्ये पानशेत फुटलं तेव्हा त्याच पुण्यात कितीतरी घरांतली बाडं एका दिवसात चिखल झाली. तुमच्याकडचे कागद तर पुराशिवायच गेले. आणि दफ्तरातली पत्रं शाबूत असूनही मोडी येणारी माणसं इतकी थोडी उरलीत की बहुतेक पत्रं कोणी उलगडलेलीच नाहीत. तुमच्या सीडीचंही तेच झालंय. मजकूर आहे, वाचणारा फाँट हरवलाय.

१९९९ मध्ये मराठी टाइप होत असे ते श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, नाहीतर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या फाँटमध्ये. त्या काळी फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलंच जात नव्हतं. साठत होतं इंग्रजी अक्षर आणि फाँट त्याला मराठी चेहरा चढवत असे. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं की फाइलमध्ये पडतं एच, के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के भ पुरा करणारा काना, दुसरा के ‘भा’ चा काना, मग र, मग त. नीट पाहा, ही टाइपरायटरवाल्यांचीच मांडणी आहे, संगणकाने ती तशीच उचलली. फाँट नसला की चेहरा गळतो आणि खालचं एच-के-के दिसायला लागतं. तुमचं कडबोळं ते हेच. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं. आज टाइप केलेल्या तुमच्या कादंबरीची ही गत होणार नाही.

म्हणजे लेख गेलेले नाहीत. आधी सीडी आहे तशी लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण इतक्या जुन्या सीडीचा भरवसा नसतो. तुमच्या लॅपटॉपला सीडीची खाच नसेल तर बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो, नाहीतर एखादा जुना फोटो स्टुडिओवाला उतरवून देईल. मग फायलींच्या नावांच्या शेवटी काय आहे ते पाहा. ‘डॉक’ असेल तर काम सोपं: वर्डमध्ये उघडा, एक ओळ निवडा आणि वरच्या चौकटीत फाँटचं नाव वाचा. ‘श्री-देव’ आणि पुढे आकडा असेल तर श्रीलिपी, ‘डीव्ही’ ने सुरू होत असेल तर बहुधा सी-डॅक, कृतिदेवचं नाव सरळच लिहिलेलं असतं. त्या त्या फाँटमधून युनिकोड करून देणारे परिवर्तक इंटरनेटवर आहेत. शेवटी ‘पी ६५’ असेल तर ती पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामची फाइल. ती तुमच्याकडे उघडणार नाही. त्यासाठी असा डीटीपीवाला गाठा ज्याने जुना संगणक अजून फेकला नाही. तालुक्याच्या गावी असा एक तरी असतो, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे चौकशी करा. त्याच्याकडून छापील प्रत काढून घेतलीत तरी पुष्कळ झालं, तिचे स्वच्छ फोटो काढून गूगल ड्राइव्हला दिले की तो मराठी मजकूर ओळखून देतो.

परिवर्तन झाल्यावर मजकूर जसाच्या तसा छापायला देऊ नका. रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी एक घर सरकते, अर्धी अक्षरं सुटी पडतात. एकेक ओळ वाचावी लागेल. वडिलांची वाक्यं तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा हे काम तुमच्याइतकं नीट कोणी करणार नाही. मात्र ते कादंबरीच्या वेळात करू नका, रविवार दुपार त्यासाठी ठेवा. फायलींच्या शेवटी काय निघालं आणि फाँटचं नाव काय आलं ते मला कळवा, श्रीलिपी असेल तर त्यातल्या नेहमीच्या चुकांची माझी यादी आहे, ती पाठवते.